ब्रेडच्या पाकिटावरचं खरं-खोटं : एका लेबलाचा इतिहास आणि संशोधकाचे तीन प्रश्न



दोन उन्हाळ्यांपूर्वी सिंदेवाहीला घरी गेले होते. बाबांना मधुमेह निघाला होता आणि डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं होतं. धानाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला भात कमी करा म्हणणं म्हणजे अर्धं ताटच काढून घेणं. पण बाबांनी यावर स्वतःच तोड काढली होती. संध्याकाळी भात बंद आणि त्याऐवजी दुकानातला ब्राउन ब्रेड. चार स्लाइस, कधी पाच.

मी घरी आल्यावर त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तू पीएचडी करून राहिली ना? मग पाह्य बरं, हे जे लिहिलं हाये ते खरं हाये का?"

पाकिटाच्या दर्शनी बाजूला गव्हाच्या ओंब्या होत्या, 'ब्राउन' हा ठसठशीत शब्द होता, 'फायबर' होतं, 'कोलेस्टेरॉल नाही' होतं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी होती. तिच्यात पहिलं नाव मैद्याचं. बरंच खाली गेल्यावर कॅरामल रंग, क्रमांक १५०अ. मी पाकीट खाली ठेवलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "बाबा, हे खोटं आहे."

परत गेल्यावर हाच किस्सा गाइडसरांना सांगितला. वाटलं, प्रबंधाच्या प्रस्तावनेला छान सुरुवात मिळाली. सरांनी फक्त एक प्रश्न विचारला, "यातलं कोणतं वाक्य खोटं आहे ते दाखवता का?"

मला दाखवता आलं नाही. ब्रेड ब्राउन होता. त्यात फायबर होतं. कोलेस्टेरॉल नव्हतं, कारण पीठ, पाणी, यीस्ट आणि वनस्पती तेलाच्या ब्रेडमध्ये ते नसतंच. घटकांची यादी कायद्याप्रमाणे वजनाच्या उतरत्या क्रमानं दिलेली होती, म्हणजे मैदा लपवलेलाही नव्हता. एकही वाक्य खोटं नाही आणि तरीही वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते. हे घडतं कसं? माझा आजचा विषय त्या दिवशी सुरू झाला.

हा लेख संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. 'लेबल अचूक आहे का?' हा प्रश्न वरवर प्रयोगशाळेचा वाटतो. त्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला काय काम, असं मला अनेकांनी विचारलंय. माझं उत्तर असं आहे की 'अचूक' या शब्दालाच इतिहास आहे. ब्रेडनं आपल्याबद्दल काय सांगावं ही अपेक्षा दीडशे-पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि त्या त्या काळाची भीती त्या दाव्यात उतरलेली दिसते.

पहिला दावा : कोणाचा हात लागला?

पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. शब्दही त्यांचाच. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या सवर्ण हिंदू घरात पावाबद्दल पहिली शंका पोषणाची नव्हती. तो कोणी मळला, कोणी भाजला, ही होती. बेकरीवाले बहुतेक ख्रिस्ती, मुसलमान, पुढे इराणी. म्हणजे पाव खाणं हे जातीबाहेर पाऊल टाकणं.

१८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचं उदाहरण घ्या. दादोबा पांडुरंग यांच्यासारखी मंडळी तिच्यामागे होती. सभा गुप्त होती, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मानत नाही याचा तो पुरावा. विचार करा, पावाचा एक तुकडा सामाजिक शपथपत्राचं काम करत होता! १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून उठलेलं वादळ तर आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. रानडे आणि टिळक या दोघांनाही त्या प्रकरणाला तोंड द्यावं लागलं.

अशा समाजात विकायच्या पदार्थानं ग्राहकाला काय आश्वासन द्यावं? त्यामुळे 'हिंदू' हा शब्द बेकरीच्या आणि बिस्किटांच्या नावात आला. हा दावाच होता, फक्त त्यात ग्रॅम आणि कॅलरी नव्हत्या. आज आपल्याला तो पोषणाच्या यादीत बसत नाही, पण 'हे खाल्लं तर माझं काय बिघडेल?' या ग्राहकाच्या प्रश्नाचं ते त्या काळातलं उत्तर होतं.

इथे एक सावधगिरी. आधी शुद्धतेचा काळ, मग विज्ञानाचा काळ, अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण आजच्या पाकिटावर पोषणाच्या तक्त्याशेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. तो २००१ च्या सुमारास सक्तीचा झाला. म्हणजे जुना प्रश्न गेला नाही, त्याच पाकिटावर सरकून बसला. इतिहासात नवा थर आला म्हणून जुना थर पुसला जात नाही, हे लिहिताना सतत ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरा दावा : यात वाईट काही नाही

शहरं वाढली, दूध-तूप-पीठ अनोळखी माणसाकडून विकत घ्यायची वेळ आली, तशी भेसळीची भीती वाढली. इंग्रजी अमलात प्रांतवार कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये देशभरासाठी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ पासून तो लागू झाला. या कायद्याचा स्वभाव नकारात्मक होता. पदार्थात काय नसावं आणि काय किती प्रमाणाच्या पलीकडे नसावं, हे तो सांगतो. पदार्थातून शरीराला काय मिळतं, हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता.

ही भीतीही संपलेली नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं ब्रेड, पाव, बन वगैरेंचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडल्याचं तिनं जाहीर केलं. पीठ नीट फुगावं म्हणून ही रसायनं वापरली जात आणि आपल्या नियमांत तेव्हा त्यांना परवानगी होती. त्याच जूनमध्ये ब्रोमेटवर बंदी आली. आपल्या विषयापुरता मुद्दा असा : त्या पाकिटांवरचा प्रथिनं-कर्बोदकांचा तक्ता दशांशापर्यंत बरोबर असला तरी ग्राहकाच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

तिसरा दावा : यात चांगलं काहीतरी घातलंय

आता माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात शिकवणारं प्रकरण.

१९६५ मध्ये भारत सरकारनं मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियाची मदत मिळाली आणि १९६८ पासून ब्रेड बाजारात यायला लागला. काळ लक्षात घ्या. १९६५ ते ६७ दुष्काळाची वर्षं, आणि अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली गहू जहाजांनी येत होता. गहू आला, पण तो पोचवायचा कसा? ब्रेड हे एक उत्तर होतं. शिवाय कारखान्यात पीठ एका ठिकाणी मळलं जातं, म्हणजे त्यात जे घालायचं ते घालता येतं. मॉडर्न ब्रेडमध्ये जीवनसत्त्वं, खनिजं आणि लायसिन घातलं गेलं.

लायसिन कशासाठी? प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. गव्हात त्यांतलं लायसिन सगळ्यात तोकडं पडतं, त्यामुळे गव्हाच्या प्रथिनांचा शरीराला पुरता उपयोग होत नाही. लायसिनची भर घातली की प्रथिनांची प्रत सुधारते. हे शास्त्र चोख आहे. तेव्हा जगभर 'प्रथिनांची दरी' हा परवलीचा शब्द होता. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाबद्दल अहवालच काढला होता. म्हणजे सरकारी ब्रेडचा दावा त्या काळच्या उत्तम समजल्या जाणाऱ्या विज्ञानावर उभा होता.

मग अडचण कुठे होती? तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या अडचणी आहेत.

एक, घातलेलं आणि उरलेलं यांतला फरक. लायसिन उष्णतेत साखरेशी संयोग पावतं. ब्रेडची कड तपकिरी होते, छान वास येतो, तो याच क्रियेचा. टोस्ट केलं की आणखी थोडं लायसिन निकामी. थायमिनचाही काही भाग भट्टीत जातो. त्यामुळे कारखान्यात किती घातलं हा आकडा आणि खाणाऱ्याच्या पोटात किती गेलं हा आकडा एक नसतो.

दोन, खाणारा कोण? पाकीटबंद ब्रेड शहरातला पगारदार माणूस घेत होता. ज्या मुलांच्या कुपोषणाची चिंता होती ती चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या पाड्यांवर होती. तिथे ब्रेड ही आजाऱ्याला दुधात बुडवून द्यायची अपूर्वाईची वस्तू. रोजच्या जेवणात तिला जागा नव्हती.

तीन, आणि हे सगळ्यात खोल : प्रश्नच चुकीचा असेल तर? इथे एक मराठी नाव येतं, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५० आणि ६० च्या दशकांत रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहत होते. नंतर ते पुण्याला आले. त्यांनी आहाराची आकडेवारी वेगळ्या पद्धतीनं लावून पाहिली. प्रथिनांचा आकडा सुटा न घेता एकाच घरात, एकाच माणसात कॅलरी आणि प्रथिनं दोन्ही किती मिळतात ते बघितलं. निष्कर्ष असा की आपल्या धान्य-डाळीच्या जेवणात पोट भरेल एवढं अन्न मिळालं तर प्रथिनं सहसा पुरतात. जिथे प्रथिनं कमी पडलेली दिसतात तिथे मुळात अन्नच कमी पडलेलं असतं. उपाशी शरीर प्रथिनं जाळून ऊर्जा मिळवतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि त्यांचे सहकारीही मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करून याच दिशेला आले होते.

१९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात या सगळ्या प्रथिन-प्रकरणाला महाफजिती म्हटलं. गव्हात आणि तांदळात लायसिन घालून परदेशांत मोठे प्रयोगही झाले, पण मुलांच्या वाढीत अपेक्षित फरक दिसला नाही.

सुखात्म्यांचं सगळंच सर्वमान्य झालं असं नाही. माणसाची कॅलरीची गरज किती मानायची यावरून पुण्यातच वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्यासाठी धडा एवढाच : 'लायसिनयुक्त ब्रेड' हा दावा अचूक होता, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न नीट मांडलेला नव्हता. संशोधन-पद्धतीच्या पेपरात आपण विश्वसनीयता आणि वैधता हे दोन शब्द घोकतो ना, त्यांतला फरक मला या ब्रेडनं समजावला. काटा दरवेळी तेच वजन दाखवतो ही विश्वसनीयता. पण मोजायची होती उंची आणि आपण वजन घेत बसलो, तर वैधता गेली.

मॉडर्नचा पुढचा प्रवास थोडक्यात. १९८२ मध्ये नाव बदलून मॉडर्न फूड इंडस्ट्रीज झालं आणि २००० च्या जानेवारीत सरकारनं ७४ टक्के हिस्सा हिंदुस्थान लिव्हरला विकला. पोषणाचं साधन म्हणून जन्मलेला ब्रेड निर्गुंतवणुकीच्या इतिहासातलं पहिलं मोठं प्रकरण म्हणून लक्षात राहिला.

चौथा दावा : हे पाहा आकडे

आज आपण गृहीत धरतो तो तक्ता तसा नवा आहे. सर्वसाधारण पाकीटबंद पदार्थांवर ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर आणि मेद यांचे आकडे छापण्याची सक्ती सप्टेंबर २००८ च्या दुरुस्तीनं आली आणि २००९ मध्ये अमलात आली. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि भेसळ कायदा मागे पडला.

आकडा दिसला की आपण मान डोलावतो. पण आकडा कसा तयार होतो ते बघू. मला दोन उदाहरणं फार आवडतात.

पहिलं प्रथिनांचं. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते. ही पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. नायट्रोजन मिळाला की त्याला एका गुणकानं गुणायचं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन मानला तर गुणक ६.२५ येतो. पण गव्हाच्या प्रथिनांत नायट्रोजन थोडा जास्त असतो, म्हणून गव्हाच्या पिठासाठी ५.७ वापरतात. समजा १०० ग्रॅम ब्रेडमध्ये १.४ ग्रॅम नायट्रोजन निघाला. ५.७ नं गुणलं तर प्रथिनं ८ ग्रॅमच्या जरा खाली, ६.२५ नं गुणलं तर ८.७५. तोच ब्रेड, तीच प्रयोगशाळा, आणि जवळपास दहा टक्क्यांचा फरक. पाकिटावर गुणक छापलेला नसतो.

दुसरं फायबरचं. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांनी १९७१ मध्ये तयार केलेले भारतीय पदार्थांचे पोषणमूल्य-तक्ते कित्येक वर्षं सगळ्यांचा आधार होते. त्यात १०० ग्रॅम कणकेत फायबर १.९ ग्रॅम आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या तक्त्यात कणकेचं फायबर ११.३६ ग्रॅम आहे. जवळजवळ सहापट! गहू बदलला का? नाही. जुन्या तक्त्यातलं फायबर आम्ल आणि अल्कलीत उकळून उरलेल्या चोथ्याचं होतं. ही जर्मनीत एकोणिसाव्या शतकात जनावरांच्या चाऱ्यासाठी निघालेली पद्धत. त्या उकळण्यात माणसाच्या दृष्टीनं महत्त्वाचं बरंच फायबर विरघळून जातं. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट, ह्यू ट्रॉवेल यांच्यासारख्या डॉक्टरांनी आहारातल्या फायबरकडे लक्ष वेधलं आणि मग मोजण्याच्या नव्या पद्धती आल्या. म्हणून १९७५ च्या आणि २०२० च्या 'फायबर' या शब्दाची तुलना करताना आधी पद्धत विचारा. नाहीतर आपल्या प्रबंधात गव्हाची क्रांती घडलेली दिसेल, जी शेतात कधी झालीच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष पदार्थ यांत किती फरक चालेल? अमेरिकेत बहुतेक घटकांसाठी साधारण २० टक्क्यांची मुभा धरतात. आपल्या २०११ च्या नियमात या ठिकाणी शब्द होते, 'प्रस्थापित पद्धतींनुसार'. कायद्यात असे शब्द दिसले की थांबा. प्रस्थापित कोणी केल्या? कुठे लिहिल्यात? इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम नेमकं अशा मोघम शब्दापाशी सुरू होतं.

पाचवा दावा : शब्दच आकडा होतो

'ब्राउन', 'मल्टिग्रेन', 'होल व्हीट' हे आकडे नाहीत, नावं आहेत. नावाची व्याख्या कोण करतं हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि तो सिंदेवाहीच्या माणसाला नवा नाही. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून काढलेल्या धानाला घड्याळाच्या नावावरून एचएमटी नाव पडलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाकडून पीकेव्ही-एचएमटी या नावानं वाण प्रसारित झालं. मूळ निवड कोणाची आणि नाव कोणाचं, ही चर्चा दादाजींच्या २०१८ मधल्या निधनापर्यंत आणि नंतरही चालूच राहिली. पोत्यावरचं नाव हा माहितीचा तुकडा असतो आणि श्रेयाचा दावाही असतो, हे आम्ही घरच्या धानावरून शिकलोय.

ब्रेडच्या बाबतीत दाव्यांचे नियम २०१८ मध्ये आले आणि जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यांनुसार 'फायबरचा स्रोत' म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम फायबर हवं, 'फायबर भरपूर' म्हणायला ६ ग्रॅम. म्हणजे 'फायबर' या शब्दाला उंबरठा मिळाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहेच. निसर्गतःच जो घटक नसतो तो 'नाही' म्हणून मिरवायचा असेल तर अशा सगळ्याच पदार्थांत तो नसतो हे सांगावं, असं तत्त्वही आहे. कोलेस्टेरॉलचं उदाहरण याच खात्यातलं. 'ब्राउन' हा शब्द मात्र मुळात रंगाचा. रंग कणकेनंही येतो आणि कॅरामलनंही. म्हणून तो खोटा ठरवणं अवघड जातं.

आता बाबांचं पाकीट

माझं 'खोटं आहे' हे उत्तर किती महाग पडलं ते सांगायलाच हवं. मी गेल्यावर बाबांनी ब्रेड बंद केला. आणि 'पाकिटवालेच फसवतात तर घरचा भात काय वाईट?' म्हणून संध्याकाळचा भात पूर्वीसारखा, पोटभर सुरू केला. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा साखर वाढलेली होती. ती फक्त माझ्या वाक्यानं वाढली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं हाही पुराव्याशिवायचा दावा होईल. पण मी अर्धवट उत्तर दिलं होतं, एवढं नक्की.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं १९७१ चे तक्ते घेऊन बसलो. १०० ग्रॅम पांढरा ब्रेड २४५ कॅलरी, ब्राउन ब्रेड २४४. बाबा हसायलाच लागले, "एका कॅलरीसाठी एवढी धावपळ!" तांदूळ १०० ग्रॅमला ३४५. म्हणजे ब्रेड हलका? थांबा. ब्रेडमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तक्त्यातला तांदूळ कोरडा आहे. शिजल्यावर तो अडीच-तीन पट होतो, म्हणजे १०० ग्रॅम भातात साधारण ११५ ते १४० कॅलरी. आता ब्रेडच जड निघाला! चार स्लाइस, म्हणजे ढोबळमानानं १०० ग्रॅम, हे जवळपास ७० ग्रॅम तांदळाच्या भाताइतके. पदार्थ बदलण्यापेक्षा किती खातो हे मोजणं जास्त महत्त्वाचं होतं. पाकिटावरचे सगळे आकडे खरे असूनही हे पाकीट सांगत नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. रक्तातली साखर केवळ कॅलरीनं ठरत नाही हेही खरंच, म्हणून हा कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. किती आणि काय, ते त्यांनी ठरवून दिलं.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

कोणताही दावा तपासताना आता मी हे तीन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर लिहिते, एकत्र करत नाही.

१. मोजणी : हा आकडा कोणत्या पद्धतीनं आला? गुणक, नमुना, ओलं की कोरडं, घातलेलं की उरलेलं?

२. व्याख्या : या शब्दाचा अर्थ कोणी, केव्हा, कोणत्या कागदावर ठरवला? त्याआधी तो कसा वापरात होता?

३. अर्थ : वाचणारा यातून काय समजतो, आणि त्याचा खरा प्रश्न काय आहे?

पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, दुसऱ्याचं राजपत्रात आणि संसदेच्या चर्चांत, तिसऱ्याचं घरात आणि दुकानात. 'लेबल खोटं आहे' असं लिहिण्याआधी यांतला कोणता प्रश्न नापास झाला ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर आपणही एक लेबलच चिकटवतोय.

साधनांबद्दल दोन शब्द. ब्रेडचं वेष्टन कोणी जपून ठेवत नाही, त्याचा शेवट उकिरड्यावर होतो. त्यामुळे जुन्या दाव्यांसाठी वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंकांतल्या जाहिराती, राजपत्रातल्या अधिसूचना, सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल हे चाळावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण सोनं तिथेच असतं. आणि एक पोकळी विसरू नका. गावच्या बेकरीतला सुटा पाव, जो आपल्याकडे जास्त लोक खातात, त्यावर लेबलच नसतं. आपला सगळा इतिहास पाकिटाचा आहे, पावाचा नाही, हे प्रबंधाच्या मर्यादांमध्ये प्रामाणिकपणे लिहायला हवं.

आज रात्री घरातलं कोणतंही एक पाकीट घ्या आणि त्यावरच्या एकाच दाव्याला हे तीन प्रश्न लावून पाहा. बाबा आता दुकानात पाकीट आधी उलटं करतात. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून दुकानदाराच्या पोराला विचारतात, "पहिलं नाव कशाचं हाये?" परवा फोनवर म्हणाले, "त्याला बी आता पाठ झालं."